नाव सांगा: गजगजगजनाच!

दसरा-दिवाळीच्या सुमारास वडवणी तालुक्यातल्या गावागावांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, कोयते, धान्याची पोती, एखादी शेळीसुद्धा! कुणी कोल्हापूर-सांगलीकडं जातं, कुणी थेट कर्नाटकात. आमच्या शेजारचा पाचवीतला मुलगा शाळेसाठी मागे आजीजवळ राहतो. त्याचे आई-बाबा रोज संध्याकाळी त्याला भेटतात, फोनच्या पडद्यावर.

परवा तो फोन घेऊन माझ्याकडे पळत आला. "काका, हे रोज रोज काय मागतंय?"

पडद्यावर लिहिलं होतं: 'सुरक्षा अपडेट उपलब्ध आहे.'

मागून आजीचा आवाज आला, "नगं दाबू बरं! काही बिघडलं तर तुझ्या मायचा फोन यायचा न्हाई."

आजीची काळजी खरी होती. त्या घरात फोन म्हणजे आई-बाबांचा आवाज. पण त्या मुलाचा पुढचा प्रश्न फार छान होता. "काका, फोन तर चांगला चाललाय. मग हे दुरुस्त काय करतात?"

बालमित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला न्हावाशेवा बंदरात जायचंय, अमेरिकेत जायचंय, अगदी आफ्रिकेतल्या घाना देशातही जायचंय. पण आधी पाटी आणि खडू घ्या. एक खेळ खेळू.

आठ चौकोनांचा खेळ

पाटीवर एका ओळीत आठ चौकोन काढा. पहिले सहा चौकोन नावासाठी रिकामे ठेवा. सातव्या चौकोनात 'ब' लिहा, आठव्यात 'स'. म्हणजे शेवटच्या दोन चौकोनांत शब्द झाला 'बस'.

आता तुमच्यातला एक जण कॉम्प्युटर. कॉम्प्युटरला तीन नियम पाळायचेत:

१. जो येईल त्याला नाव विचारायचं.
२. पहिल्या चौकोनापासून एकेका चौकोनात एकेक अक्षर लिहीत जायचं. चौकोनात आधीचं काही असेल तर ते पुसून लिहायचं.
३. नाव संपलं की सातव्या आणि आठव्या चौकोनात जे लिहिलेलं असेल तसं करायचं.

आणि हो, कॉम्प्युटरने स्वतःचं डोकं चालवायचं नाही. खरा कॉम्प्युटरही चालवत नाही. तो फार वेगवान आणि फार आज्ञाधारक असतो, पण सांगितलेल्या नियमापलीकडे तो विचार करत नाही.

पहिली पाहुणी आली. "नाव?" "रमा." दोन चौकोन भरले. शेवटी 'बस' तसाच आहे. कॉम्प्युटर खाली बसला. दुसरी आली. "नाव?" "कमळाबाई." पाच चौकोन भरले. कॉम्प्युटर पुन्हा बसला. सगळं ठीक.

मग एक खोडकर पाहुणा आला. "नाव?"

"गजगजगजनाच!"

लिहा बरं. ग, ज, ग, ज, ग, ज. झाले सहा चौकोन. पण नाव संपलेलं नाही! नियम म्हणतो, लिहीत जा. सातव्या चौकोनातला 'ब' पुसला, तिथे 'ना' आला. आठव्यातला 'स' पुसला, तिथे 'च' आला. आता तिसरा नियम. शेवटच्या चौकोनांत काय लिहिलंय?

'नाच'!

आणि कॉम्प्युटर नाचायला लागला.

थांबा, हसून झालं की नीट विचार करा. आपण पाहुण्याला विचारलं होतं फक्त नाव. त्याने नावाच्या आडून हुकूम सोडला. ती साधी माहिती असायला हवी होती, पण ती सांडली, शेजारच्या चौकोनात गेली आणि हुकूम होऊन बसली. कॉम्प्युटरच्या जगात ही चूक फार जुनी आणि फार धोक्याची आहे. खऱ्या कॉम्प्युटरमध्ये त्या शेजारच्या चौकोनात बहुतेक वेळा 'पुढचा हुकूम कुठे ठेवलाय' याचा पत्ता असतो. पत्ता बदलला की कॉम्प्युटर निमूटपणे चोराने ठेवलेल्या हुकमाकडे वळतो.

दुसरी गोष्ट अशी, की हा पाहुणा घरात यायलाही नको. आपला फोन, बँकेचा कॉम्प्युटर, बंदरातला कॉम्प्युटर, सगळे इंटरनेटला जोडलेले असतात आणि दुरून आलेले निरोप वाचत असतात. पत्रपेटीत कुणीही पत्र टाकू शकतं ना, तसं. पत्रातल्या मजकुराने घरातलं माणूस नाचायला लागलं, तर चोराला कुलूप तोडायची गरजच काय? दुरूनच दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपले हुकूम चालवू देणारी अशी फट सापडली, की जगभरचे तज्ज्ञ झोप सोडून कामाला लागतात.

आता ही फट बुजवायची कशी? तुम्हीच सांगा. अगदी बरोबर! एक नियम वाढवायचा: 'लिहिण्याआधी अक्षरं मोज. सहाहून जास्त असतील तर नाव घेऊच नकोस.' संपलं काम. एका ओळीची दुरुस्ती. इंग्रजीत अशा दुरुस्तीला 'पॅच' म्हणतात, म्हणजे ठिगळ. आजी वाकळेला लावते ना, तेच. शेजारच्या मुलाच्या फोनवर जे अपडेट वाट बघत होतं, त्यात अशीच ठिगळं होती.

५१२ ची जागा, ५३६ चा निरोप

हा खेळ १९८८ साली खराखुरा खेळला गेला. तेव्हा इंटरनेट अगदी लहान होतं. त्याला जोडलेले कॉम्प्युटर अंदाजे ६०,०००, तेही बहुतेक विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत. त्यांपैकी बऱ्याच कॉम्प्युटरांवर 'फिंगर' नावाची एक सोय होती. दुरून विचारायचं, 'तिकडे आत्ता कोण कोण काम करतंय?' आणि उत्तर मिळायचं. प्रश्न लिहून घ्यायला जागा होती ५१२ बाइटची. एक बाइट म्हणजे इंग्रजी एका अक्षराला लागते तेवढी जागा.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट मॉरिस नावाचा एक विद्यार्थी शिकत होता. त्याने एक प्रोग्रॅम लिहिला. तो प्रोग्रॅम 'फिंगर'ला ५३६ बाइटचा प्रश्न पाठवायचा. किती सांडले? २४ बाइट. त्या २४ बाइटांच्या जोरावर प्रोग्रॅम समोरच्या कॉम्प्युटरात शिरायचा, स्वतःची एक प्रत तिथे ठेवायचा आणि तिथून पुढच्या कॉम्प्युटरकडे निघायचा. आत शिरायच्या आणखीही युक्त्या त्याच्याकडे होत्या. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिसने तो सोडला. बघता बघता अंदाजे ६,००० कॉम्प्युटरांत तो घुसला. एकाच कॉम्प्युटरात प्रतींवर प्रती साचल्या आणि कॉम्प्युटर दमून बंद पडू लागले.

एवढं होईल असं मॉरिसला वाटलं नव्हतं. तो घाबरला. त्याच्या एका मित्राने माफी मागणारा आणि प्रोग्रॅम कसा थांबवायचा हे सांगणारा निरोप नेटवर टाकला. पण नेटच तुंबलं होतं! निरोप वेळेवर पोहोचलाच नाही. मॉरिसला पुढे न्यायालयाने शिक्षा केली: ३ वर्षं देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि दंड. नंतर तो एमआयटी या नावाजलेल्या संस्थेत प्राध्यापक झाला.

त्याला फट सापडली, यात वाईट काहीच नव्हतं. सापडल्यावर त्याने आधी सांगायला हवं होतं. त्याने आधी सोडलं आणि मग सांगितलं. एवढाच क्रम उलटा झाला आणि केवढा घोटाळा झाला बघा.

झाडाखालची चिठ्ठी

सगळ्याच फटी सांडण्याच्या नसतात. एक वेगळी गंमत सांगतो.

समजा, तुमच्या शाळेच्या दारात एक काका बसलेत. त्यांचं काम एकच. जो येईल तो काय म्हणाला ते वहीत लिहायचं. एक माणूस आला आणि म्हणाला, "लिहून घ्या: तळ्याकाठच्या लिंबाखाली चिठ्ठी आहे, ती वाचा आणि त्यात आहे तसं करा." काकांनी हे वाक्य फक्त वहीत लिहायचं होतं. पण ते उठले, तळ्याकाठी गेले, चिठ्ठी उघडली आणि त्यात लिहिल्याप्रमाणे शाळेच्या किल्ल्या त्या माणसाला देऊन टाकल्या!

अगदी हेच २०२१ साली जगभर घडलं. प्रोग्रॅमांमध्ये काय काय घडतंय याची नोंदवही लिहिणारं 'लॉगफोरजे' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळतं, म्हणून जगातल्या अगणित प्रोग्रॅमांमध्ये वापरलेलं असतं. त्यात २०१३ साली एक सोय घातली गेली. नोंदीत विशिष्ट खूण दिसली तर ती खूण तशीच लिहायची नाही, दिलेल्या पत्त्यावर जाऊन तिथून माहिती आणायची. सोय चांगल्या हेतूने केली होती. पण तो पत्ता चोराचा असेल तर? तिथून येणारी गोष्ट माहिती नसून हुकूम असेल तर?

तुमच्यापैकी काही जणांनी 'माइनक्राफ्ट' खेळ पाहिला असेल. त्यात खेळाडू एकमेकांशी गप्पा मारतात. त्या गप्पांमध्ये अशी खूण असलेली एक ओळ टाइप केली, की खेळ चालवणारा दूरचा कॉम्प्युटर ती ओळ नोंदवहीत लिहायला घ्यायचा, चोराच्या पत्त्यावर जायचा आणि तिथला प्रोग्रॅम आणून चालवायचा. गप्पांमधल्या एका ओळीने!

अशा फटी किती धोक्याच्या आहेत याला गुण देतात, जास्तीत जास्त १०. लॉगफोरजेच्या या फटीला १० पैकी १० मिळाले. आपल्याला परीक्षेत असे गुण मिळाले तर पेढे वाटतात. इथे जगभरच्या कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांची झोप उडाली.

पण या गोष्टीत मला आवडलेला माणूस वेगळाच आहे. चीनमधल्या अलिबाबा कंपनीत सुरक्षेचं काम करणाऱ्या चेन झाओजुन यांना ही फट दिसली. त्यांनी काय केलं? २४ नोव्हेंबर २०२१ ला ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या लोकांना गुपचूप कळवलं. सांभाळणारे लोक कोण होते, माहितीये? अपाचे नावाच्या संस्थेतले स्वयंसेवक. या कामाचा पगार न घेता फावल्या वेळात झटणारे. डिसेंबरात फट जगजाहीर झाली आणि हे लोक रात्रंदिवस बसून एकामागून एक दुरुस्त्या देत राहिले. आपल्याला त्यांची नावंही माहीत नाहीत, पण आपण वापरतो त्या कितीतरी सेवा त्यांच्यामुळे शाबूत राहिल्या.

न्हावाशेव्याला गाड्या का थांबल्या?

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. वडवणीच्या काळ्या रानात कापूस पिकतो. वेचणी होते, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. महाराष्ट्रातला असा कितीतरी माल कंटेनरमध्ये भरून उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरातून परदेशी जातो. जवाहरलाल नेहरू बंदर ते हेच. १९८९ मध्ये सुरू झालं.

या बंदरात माल चढवण्या-उतरवण्याचे वेगवेगळे भाग आहेत. एका भागाचं काम डेन्मार्कच्या मर्स्क या प्रचंड जहाज कंपनीच्या गटाकडे होतं. २७ जून २०१७ रोजी तिथले कॉम्प्युटर बंद पडले. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय, कुठल्या जहाजात जायचाय, सगळा हिशेब कॉम्प्युटरात. तो गेला आणि काम ठप्प झालं. माल आहे, क्रेन आहे, माणसं आहेत, पण कुठला डबा कुणाचा हेच कळेना!

हे संकट सुरू झालं युक्रेनमध्ये. तिथल्या कंपन्या कराच्या हिशेबासाठी एक प्रोग्रॅम वापरत. चोरांनी त्या प्रोग्रॅमच्या अपडेटमध्येच विष कालवलं. पुढे 'नॉटपेट्या' या नावाने ते विष ओळखलं जाऊ लागलं. ते एका कॉम्प्युटरातून दुसऱ्यात ज्या वाटांनी धावलं, त्यातली एक वाट होती विंडोजमधली फट. विंडोजमध्ये एकमेकांच्या फायली वापरू देणारी एक सोय आहे. तिच्यात एका यादीची लांबी मोजताना एके ठिकाणी मोठं माप वापरलं होतं आणि एके ठिकाणी छोटं. पायलीने मोजायचं धान्य मापट्याने मोजलं तर काय होईल? पोतं लहान पडेल आणि धान्य सांडेल. झालं तेच. पुन्हा गजगजगजनाच!

आता नीट ऐका. ही फट अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेला आधीच माहीत होती. त्यांनी ती बुजवायला न सांगता तिचं हत्यार करून जपून ठेवलं. ते हत्यार चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये कुणीतरी ते जगापुढे उघडं टाकलं. मे महिन्यात त्याच हत्याराने 'वॉनाक्राय' नावाचा हल्ला झाला. १५० हून अधिक देशांना तो भोवला, इंग्लंडमध्ये तर दवाखान्यांतली कामं अडली. आणि जूनमध्ये नॉटपेट्या आला.

मग ठिगळ नव्हतं का? होतं! मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दुरुस्ती दिली होती. २७ जूनपर्यंत किती दिवस होतात, बोटांवर मोजा. १०५ दिवस. तरीही जगभरातल्या असंख्य कॉम्प्युटरांना ते ठिगळ लावायचं राहून गेलं होतं.

दुसरा धोका आणखी मोठा. नॉटपेट्या एकदा एका कॉम्प्युटरात शिरला की तिथले पासवर्डही चोरायचा. मग त्या पासवर्डांनी तो शेजारच्या कॉम्प्युटरातही घुसे, ठिगळ लावलेलं असलं तरी. म्हणजे एकाच्या आळसाचा त्रास शेजाऱ्याला. डेंग्यूच्या दिवसांत आपल्याकडे आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात ना? पाण्याचे रांजण, टाक्या घासूनपुसून कोरड्या करायच्या. एका घराने टाळलं तर त्या रांजणातले डास सगळ्या गल्लीला चावतात. कॉम्प्युटरांचंही तसंच आहे.

आणि मर्स्कचं पुढे काय झालं? त्यांच्या जगभरच्या जाळ्यात कुठल्या कॉम्प्युटरला आत येऊ द्यायचं, हे ठरवणारी एक मुख्य यादी होती. तिच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवलेल्या होत्या. सगळ्या एकाच वेळी पुसल्या गेल्या. एकच वाचली, घाना देशातली. का वाचली असेल?

कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती!

आपल्याकडे लाइट गेली की आपण किती चिडतो. घानात गेलेल्या लाइटने जगातल्या एका बलाढ्य कंपनीला वाचवलं. ती प्रत विमानाने इंग्लंडला नेली गेली. मग दहा दिवसांत ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे केले गेले.

आपल्या घरातला फोन

आता त्या शेजारच्या फोनकडे येऊ. त्यात व्हॉट्सॲप आहे, तुमच्याही घरी असेल. मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमध्ये अशीच सांडणारी फट सापडली. ठरावीक तऱ्हेने बनवलेला कॉल आला की फोनमध्ये हेरगिरीचा प्रोग्रॅम शिरायचा. फोन उचलायचीही गरज नव्हती! जगभरात सुमारे १,४०० लोकांना असं लक्ष्य केलं गेलं. त्यांत भारतातले वकील, पत्रकार, कार्यकर्तेही होते. व्हॉट्सॲपने ती फट बुजवली आणि दुरुस्ती सगळ्यांना पाठवली. कशातून? अपडेटमधून.

मुलगा लगेच म्हणाला, "पण काका, युक्रेनमध्ये तर अपडेटमधूनच विष आलं ना?"

शाब्बास! हा प्रश्न मोठ्या माणसांनाही पटकन सुचत नाही. उत्तर असं, की अपडेट कुणाकडून घ्यायचं ते बघायचं. पोलिओचा डोस आपण सरकारी केंद्रात घेतो, बाजारात फिरणाऱ्या अनोळखी माणसाकडून घेत नाही. तसं अपडेट फोनच्या सेटिंगमधून किंवा ॲप जिथून घेतलं त्याच अधिकृत दुकानातून घ्यायचं. 'इथे दाबा, फोन अपडेट होईल' असं लिहिलेली लिंक मेसेजमध्ये आली तर ती उघडायची नाही आणि घरातल्या मोठ्यांना लगेच दाखवायची. युक्रेनसारखं अधिकृत दुकानातच विष शिरणं घडू शकतं, पण ते क्वचित. न बुजवलेल्या फटीतून चोर येणं मात्र रोजचं.

आणखी एक. तुम्ही विचाराल, इतकी हुशार माणसं अशी साधी चूक का करतात? विंडोजसारख्या प्रोग्रॅममध्ये कोट्यवधी ओळी असतात. एवढ्या मोठ्या वाकळेत एखादा टाका चुकणारच. म्हणून आता 'रस्ट'सारख्या नव्या प्रोग्रॅमिंग भाषा आल्यात. त्यांत चौकोनाबाहेर लिहू लागलं की भाषाच थांबवते. आणि चुकलेले टाके शोधून प्रामाणिकपणे कळवणाऱ्यांना कितीतरी कंपन्या बक्षीस देतात. आपल्या देशात 'सर्ट-इन' ही सरकारी संस्था २००४ पासून याच कामाला वाहिलेली आहे. फट सापडली तर तिथे कळवता येतं.

म्हणून मोठेपणी, किंवा त्याच्याही आधी, तुम्हाला कुठे अशी फट दिसली तर मॉरिस आणि चेन यांच्या गोष्टी आठवा. दोघेही हुशार. एकाने आधी सोडलं, दुसऱ्याने आधी सांगितलं. वडवणीच्या शाळेत पाटीवर आठ चौकोन काढणाऱ्या मुलामुलींतून उद्या कुणी फट शोधणारा, कुणी ठिगळ लावणारी निघावी, असं मला मनापासून वाटतं. त्याला लागतं काय? अक्षरं मोजायची सवय आणि दिसलेलं सांगायचं धैर्य.

त्या संध्याकाळी कारखान्यावरून फोन आला. आईशी बोलून झालं. मग मुलाने आजीसमोर पाटी धरली, आठ चौकोन काढले आणि तिला नाव विचारलं. मी आजीच्या कानात एक नाव सांगितलं. आजी म्हणाली, "गजगजगजनाच!" आणि नातू अंगणात नाचायला लागला.

आजी खूप हसली. मग तिने विचारलं, "म्हंजे कुणी असं नाव सांगितलं, तर आपला फोन बी नाचंल?"

"हो आजी. ठिगळ लावलं नाही तर."

आजीने स्वतःच्या बोटाने ते बटण दाबलं. रात्री फोन चार्जिंगला होता. सकाळी तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालेला होता. संध्याकाळी ठरल्या वेळी आईचा फोन आलाच.